साठवलेला पैसा शेवटपर्यंत पुरेल का? सोलापूरकरांचे वारंवार विचारले जाणारे प्रश्न

निवृत्तीसाठी नेमके किती लाख लागतात?

तुमचा खर्च न विचारता कुणी आकडा सांगितला, तर तो सोडून द्या. जुळे सोलापुरात स्वतःच्या घरात राहणारं जोडपं आणि भाड्याच्या दोन खोल्यांत राहणारं जोडपं यांना एकच आकडा लागू होणार नाही. आधी साठ्याकडे नाही, तुटीकडे बघा. महिन्याचा खर्च वजा महिन्याची खात्रीची आवक म्हणजे तूट. साठ्यातून फक्त तेवढीच भरायची असते. तूट कळली की पुढचं सगळं गणित उलगडतं. ती माहीत नसेल तर ८० लाख असूनही झोप लागत नाही.

महिन्याचा खर्च कसा काढायचा? अंदाजे २० हजार जात असतील.

अंदाज जवळजवळ नेहमीच कमी निघतो, कारण वर्षातून एकदा येणारे खर्च त्यात धरलेलेच नसतात. तीन महिने साध्या वहीत रोजचा खर्च लिहा. त्यातला एक महिना एप्रिल किंवा मे असू द्या. सोलापूरचा उन्हाळा, दिवसरात्र चालणारा कूलर आणि काही दिवसांआड येणाऱ्या पाण्यामुळे मागवावा लागणारा टँकर किंवा जार यांचा खर्च डिसेंबरच्या वहीत दिसत नाही.

एका जोडप्याची वही साधारण अशी दिसेल. किराणा-भाजी ९,०००, दूध १,८००, वीज-गॅस २,५००, मोबाइल-केबल-पाणी १,२००, औषधं ३,५००, घरकामाच्या बाई १,५००, पेट्रोल-रिक्षा १,५००. बेरीज २१,०००. इथेच थांबलात तर फसलात. आता वर्षाचे खर्च घ्या. घरपट्टी-पाणीपट्टी ८,०००, आरोग्य विम्याचा हप्ता ३६,०००, सण आणि लग्नकार्यांतले आहेर १६,०००, घराची दुरुस्ती १२,०००. हे ७२,००० होतात, म्हणजे महिना ६,०००. खरा खर्च २७,००० आहे. पुढची सगळी उत्तरं याच जोडप्याचा आकडा धरून दिली आहेत. तुम्ही तिथे तुमचा आकडा घाला.

किती वर्षांचं गणित करायचं?

दोघांपैकी वयाने लहान असलेली व्यक्ती ९० वर्षांची होईपर्यंत. नवरा ६० चा आणि बायको ५६ ची असेल तर ३४ वर्षं. पुरुष स्वतःच्या वयावरून हिशेब करतात आणि ८० ला थांबतात. त्यानंतरची वर्षं बहुतेक घरांत बायकोला एकटीला काढायची असतात, तेही पेन्शन निम्मी झाल्यावर.

पेन्शन आहे. तूट काढताना ती सगळी वजा करायची ना?

कोणती पेन्शन, त्यावर आहे. सरकारी नोकरीतली जुनी पेन्शन महागाई भत्त्याबरोबर वाढते, ती पूर्ण धरा. पीएफ कार्यालयाची ईपीएस-९५ पेन्शन वाढत नाही. आज ४,००० मिळत असतील तर २० वर्षांनीही ४,०००च. महागाई ६ टक्के धरली तर आजच्या १०० रुपयांच्या वस्तूला १२ वर्षांनी २०० रुपये पडतात. म्हणून २५-३० वर्षांच्या हिशेबात न वाढणारी पेन्शन अर्धीच धरावी.

आपल्या जोडप्याला ४,००० पेन्शन आहे आणि वरच्या खोल्यांचं ६,००० भाडं येतं. भाडं करारागणिक वाढवता येतं, म्हणून ते पूर्ण धरू. २७,००० वजा ६,००० वजा २,००० म्हणजे १९,०००. पहिल्या वर्षी हातात प्रत्यक्ष १७,०००च कमी पडतील, पण लांब पल्ल्याची तूट १९,००० समजायची. वर्षाला २,२८,०००.

मग पैसा किती वर्षं पुरेल?

साठा भागिले वर्षाची तूट. कर भरून उरलेलं व्याज आणि महागाई एकमेकांना जवळपास खाऊन टाकतात, असं धरून हा भागाकार करायचा. ठेवींवर जगणाऱ्यांच्या बाबतीत हे बऱ्यापैकी जुळतं. आजारपणासाठीची रक्कम बाजूला ठेवून ४० लाख उरत असतील, तर ४० लाख भागिले २.२८ लाख म्हणजे साडेसतरा वर्षं. नवऱ्याची सत्त्याहत्तरी आणि बायकोची त्र्याहत्तरी. व्याज महागाईपेक्षा टक्काभर जास्त मिळत राहिलं तर अजून दीड-एक वर्ष वाढेल, त्याहून जास्त नाही.

भागाकारातून आलेला आकडा तुम्हाला हव्या असलेल्या वर्षांइतका किंवा जास्त असेल, तर निर्धास्त व्हा आणि खर्चाला हात आखडू नका. कमी असेल तर काय करायचं ते पुढे आहे. साठाव्या वर्षी कळलं तर उपाय असतात, पंचाहत्तरीत फार थोडे उरतात.

दरवर्षी ४ टक्के काढले तर पैसा संपत नाही, असं ऐकलं. खरं का?

तो नियम विल्यम बेंगेन या अमेरिकन सल्लागाराने १९९४ मध्ये मांडला. पहिल्या वर्षी साठ्याच्या ४ टक्के काढायचे, पुढे ती रक्कम महागाईप्रमाणे वाढवायची आणि पैसा ३० वर्षं पुरवायचा. तो अमेरिकेच्या बाजाराच्या आकड्यांवर उभा आहे आणि त्यात निम्मा किंवा त्याहून जास्त पैसा शेअर्समध्ये असतो. सगळं मुदत ठेवीत ठेवून हा नियम लावता येत नाही. आपल्याकडे भागाकारच बरा.

आमचं तर व्याजावर भागतंय, मुद्दल शाबूत आहे. मग काळजी कशाची?

सगळ्यात जास्त घरं इथे चुकतात, म्हणून जरा सविस्तर.

४० लाखांपैकी २० लाख ज्येष्ठ नागरिक बचत योजनेत ८.२ टक्क्यांनी आणि ९ लाख पोस्टाच्या मासिक प्राप्ती योजनेत ७.४ टक्क्यांनी ठेवले असं समजा. पहिल्याचे तिमाहीला ४१,००० म्हणजे महिना साधारण १३,६५०, दुसऱ्याचे महिना ५,५५०. एकूण १९,२००. कमी पडतात १७,०००. म्हणजे २,२०० शिल्लक, शिवाय ११ लाखांना हात लागलेला नाही. वाटतं, जमलं.

पाच वर्षांनी तोच हिशेब पुन्हा करा. २७,००० चा खर्च ६ टक्के महागाईने ३६,१०० झाला. भाडं दरवर्षी ५ टक्के वाढवत नेलं तर ७,६५०. पेन्शन तीच, ४,०००. आता महिना २४,४०० च्या वर कमी पडतात आणि व्याज अजून १९,२००च आहे. खर्च २७,००० वरून एक तृतीयांश वाढला, पण तूट १७,००० वरून जवळजवळ ४४ टक्के वाढली, कारण आवकेतला एक भाग जागचा हललेलाच नाही. मुद्दल पासबुकात शाबूत दिसतं, त्याचं मोल मात्र दरवर्षी झिजत असतं.

म्हणून पहिल्या पाच-सात वर्षांत जे व्याज उरतं ते बक्षीस नाही, पुढच्या वर्षांचा पैसा आहे. दर तिमाहीला उरलेली रक्कम लगेच वेगळ्या खात्यात वळवा. बचत खात्यात पडून राहिली तर ती नातवाच्या मोबाइलला आणि पाहुण्यांच्या सरबराईला जाते.

पैसे ठेवायचे कुठे?

सुरुवात ज्येष्ठ नागरिक बचत योजनेपासून करा. वय ६० पूर्ण हवं. ५५ ते ६० दरम्यान निवृत्त झालेल्यांना निवृत्तीचे पैसे मिळाल्यापासून ३ महिन्यांत खातं उघडता येतं. एका व्यक्तीला कमाल ३० लाख, मुदत ५ वर्षं, पुढे ३-३ वर्षं वाढवता येते. एप्रिल २०२३ नंतर दर ८.२ टक्के झाला. सरकार दर तिमाहीला दर जाहीर करतं, त्यामुळे भरायच्या दिवशीचा दर विचारून घ्या. एकदा भरलं की पाच वर्षं तोच दर राहतो. नवरा-बायको दोघं पात्र असतील तर दोघांची वेगळी खाती काढता येतात.

त्यानंतर मासिक प्राप्ती योजना, एका नावावर ९ लाख, संयुक्त असेल तर १५ लाख. पीपीएफ खातं जुनं असेल तर घाईने बंद करू नका. १५ वर्षांनंतर ५-५ वर्षांनी वाढवता येतं, व्याज करमुक्त असतं आणि वर्षातून एकदा पैसे काढता येतात.

एका वर्षाची तूट मात्र कधीही काढता येईल अशा बँक ठेवीत ठेवा. मुदतीच्या योजना अडीनडीला मोडाव्या लागतात त्या हे केलेलं नसतं म्हणून.

ज्येष्ठ नागरिक योजनेत लोकांचं काय चुकतं?

व्याज १ एप्रिल, १ जुलै, १ ऑक्टोबर आणि १ जानेवारीला जमा होतं. १० फेब्रुवारीला पैसे भरले तर १ एप्रिलला जेमतेम पन्नास दिवसांचं व्याज येतं आणि पासबुक हातात घेऊन लोक काउंटरवर वाद घालतात. पूर्ण हप्ता जुलैत येतो. तोवरचे महिने कशावर काढायचे ते आधी ठरवा.

न उचललेल्या व्याजावर व्याज मिळत नाही. व्याज थेट बचत खात्यात जमा होण्याची सूचना खातं उघडतानाच लिहून द्या. वर्षाच्या आत खातं बंद केलं तर मिळालेलं व्याज परत कापतात. एक ते दोन वर्षांदरम्यान मुद्दलातून दीड टक्का जातो, त्यानंतर एक टक्का. मुलीचं लग्न वर्षभरात असेल तर ते पैसे यात घालूच नका.

या वयात शेअर बाजार नको ना?

सगळा नको, पण अगदी शून्यही नको. ३० वर्षांच्या प्रवासात महागाईशी झुंजणारं काहीतरी साठ्यात लागतंच. ज्या पैशाला निदान ७ वर्षं हात लावायचा नाही, तेवढाच इंडेक्स फंडात (बाजाराच्या निर्देशांकातले सगळे शेअर्स घेणारा फंड) किंवा शेअर-रोखे मिश्र फंडात ठेवा. आपल्या जोडप्याच्या बाबतीत हे आठ लाखांच्या आसपास, साठ्याच्या पाचव्या हिश्शाइतकं. बाजार चढला की त्यातून पुढच्या एक-दोन वर्षांची तूट काढून ठेवीत आणायची, पडला की काढायचं नाही. पहिल्याच दोन वर्षांत बाजार पडला आणि त्यात विकावं लागलं, तर ते नुकसान पुढे भरून निघत नाही. बाजार पडल्याच्या बातमीने रात्र जागून काढणार असाल तर हा हिस्सा १० टक्क्यांवर आणा.

नागरी सहकारी बँक आणि पतसंस्था एक-अर्धा टक्का जास्त देतात. ठेवू का?

दोन्हींत मोठा फरक आहे. रिझर्व्ह बँकेचा परवाना असलेल्या सहकारी बँकेतल्या ठेवींना विमा असतो. एका व्यक्तीला एका बँकेत, सगळ्या शाखा मिळून, मुद्दल आणि व्याज धरून ५ लाखांपर्यंत. ही मर्यादा ४ फेब्रुवारी २०२० पासून आहे. पतसंस्थेतल्या ठेवींना हा विमा नाही. पाटीवर ‘पतसंस्था’ किंवा ‘क्रेडिट सोसायटी’ लिहिलेलं असेल तर कितीही जुनी ओळख असो, म्हातारपणाचा पैसा तिथे नको.

सप्टेंबर २०२२ मध्ये सोलापुरातल्याच एका सहकारी बँकेचा परवाना रिझर्व्ह बँकेने रद्द केला. ५ लाखांच्या आत ठेव असणाऱ्यांना विम्याचं संरक्षण होतं. वरच्या रकमेसाठी अवसायनाची, म्हणजे बँकेची मालमत्ता विकून देणी भागवण्याची, वाट बघावी लागते. म्हणून एका बँकेत एका नावावर साडेचार लाखांपर्यंतच ठेवा, म्हणजे व्याजासह पाचच्या आत राहतं.

व्याजातून टीडीएस, म्हणजे व्याज देतानाच घेतला जाणारा कर, कापला जातो. टाळता येईल?

कर लागत नसेल तर हो. एप्रिल २०२५ पासून ज्येष्ठांचं एका बँकेतलं व्याज वर्षाला १ लाखाच्या वर गेलं तरच टीडीएस लागतो. कर शून्य येत असेल तर दर एप्रिलमध्ये प्रत्येक बँकेत आणि पोस्टात स्वघोषणापत्र द्या, ज्याला सगळे ‘१५ एच’ म्हणून ओळखतात. एका ठिकाणी दिलं म्हणजे सगळीकडे चाललं असं होत नाही. पॅन-आधार जोडणीही तपासून घ्या.

दवाखान्याने सगळं धुऊन नेलं तर?

ही भीती खरी आहे आणि तिची तयारी तीन थरांत करता येते. पहिला सरकारी थर. वय ७० झालेल्या प्रत्येकाला, उत्पन्न कितीही असो, ऑक्टोबर २०२४ च्या अखेरीपासून आयुष्मान वय वंदना कार्ड मिळतं. कुटुंबाला वर्षाला ५ लाखांपर्यंत उपचार. आधार घेऊन नोंदणी करा, आजारी पडायची वाट बघू नका. सत्तरीच्या आत असाल तर महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजना आहे. मात्र दोन्ही योजना यादीतल्या रुग्णालयांत आणि यादीतल्या उपचारांनाच चालतात. घराजवळचं रुग्णालय यादीत आहे का, ते आजच विचारून ठेवा.

दुसरा थर स्वतःचा आरोग्य विमा. हप्ता महाग वाटला तरी ६० नंतर जुनी पॉलिसी सोडू नका. नवी घेतली तर आधीच्या मधुमेह-रक्तदाबासाठी ३ वर्षांपर्यंत थांबावं लागू शकतं. सप्टेंबर २०२५ पासून वैयक्तिक आरोग्य विम्यावरचा जीएसटी शून्य झाला आहे.

तिसरा थर रोख. रोजची औषधं, दातांची कवळी, चष्मा, श्रवणयंत्र, रात्रीची आया. यातलं बहुतेक विम्यात बसत नाही. त्यासाठी निदान ५ लाख वेगळे, दोघांच्या नावावर, कुणीही एकट्याने काढू शकेल असे ठेवा. हे पैसे तुटीच्या भागाकारात धरायचे नाहीत.

विडी कारखान्यात, यंत्रमागावर आयुष्य गेलं. ४० लाख कुठून आणणार?

तुमच्यासाठी सगळ्यात मोलाचं आहे पीएफचं खातं. एकूण १० वर्षं सेवा भरली असेल तर ५८ व्या वर्षी पेन्शन मिळते. किमान १,००० रुपये. रक्कम तुटपुंजी आहे, पण हक्काची आहे आणि मागे जोडीदारालाही चालू राहते. ५० नंतर लवकर घेतली तर दर वर्षामागे ४ टक्के कमी होते. ५८ ला न घेता ६० पर्यंत थांबलात तर दर वर्षामागे ४ टक्के वाढते.

अडतं कुठे? नावात. विडी कामगार बायकांचं पीएफच्या नोंदीत माहेरचं नाव असतं, आधारवर सासरचं, बँकेत तिसऱ्याच स्पेलिंगने. जन्मतारखेचंही तसंच. दोन कारखान्यांत काम केलं असेल तर दोन क्रमांक असतात आणि सेवा जोडली न गेल्याने १० वर्षं भरत नाहीत. मालक हयात आणि कारखाना चालू असतानाच संयुक्त घोषणापत्रावर सही घेऊन दुरुस्ती करून घ्या. कारखान्याला टाळं लागल्यावर हेच काम वर्षानुवर्षं रखडतं.

वय ६५ झालं आणि कुटुंबाचं वार्षिक उत्पन्न २१,००० च्या आत असेल, तर वृद्धांना दरमहा मदत देणाऱ्या श्रावणबाळ योजनेचा अर्ज तहसील कार्यालयात करा. आणि पेन्शन सुरू झाली की हयातीचा दाखला वर्षाच्या आत पुन्हा द्यायला विसरू नका. पेन्शन अचानक थांबली की पहिलं कारण बहुधा तेच असतं.

मुलगा म्हणतो, सोलापूरचं घर विका आणि पुण्याला या. काय करावं?

जा, पण घर विकू नका, निदान पहिली दोन वर्षं. भाड्याने द्या आणि राहून बघा. सोलापूरच्या घराच्या पैशात पुण्यात तेवढं घर येत नाही. ते पैसे मुलाच्या फ्लॅटमध्ये गेले की तुमच्या नावावर काहीच उरत नाही. पैसे तिथे गेलेच तर खरेदीखतात तुमचं नाव हिश्श्यासह घाला.

घर मुलाच्या नावे बक्षीसपत्र करून देण्याचा आग्रह होत असेल तर त्यापेक्षा मृत्युपत्र करा. मृत्युपत्र हयातीत बदलता येतं, बक्षीसपत्र सहसा नाही. द्यायचंच असेल तर ‘आमचा सांभाळ करण्याच्या अटीवर’ हे शब्द दस्तातच लिहा. ज्येष्ठ नागरिक कायदा, २००७ च्या कलम २३ खाली दस्त रद्द करून मागताना तीच अट कामी येते. अर्ज प्रांत कार्यालयातल्या न्यायाधिकरणाकडे करायचा.

सोनं साठ्यात धरायचं का?

मोडायची मनाची तयारी असेल तेवढंच. अंगावरचं आणि सुनेला द्यायचं ठरलेलं धरू नका.

भागाकारात वर्षं कमी पडली. आता ६० व्या वर्षी काय करणार?

साठा वाढवण्यापेक्षा तूट कमी करणं सोपं असतं. आपलं जोडपं साडेसतरा वर्षांवर अडकलं होतं. नवऱ्याने तीन वर्षं कुठे हिशेब लिहिण्याचं, देखरेखीचं काम धरलं आणि घर त्यावर चालवलं, तर ४० लाख ७ टक्क्यांनी ४९ लाख होतात. शिवाय आणखी एक खोली भाड्याने देऊन, गाडी विकून, आहेराला मर्यादा घालून महिन्याची तूट आजच्या भावाने ५,००० ने कमी केली, तर ६३ व्या वर्षी ती वर्षाला २ लाख पडते. ४९ भागिले २ म्हणजे साडेचोवीस वर्षं. पैसा सत्त्याहत्तरीऐवजी सत्त्याऐंशीपर्यंत गेला. यातलं एकच केलं असतं तर पैसा इतका लांब गेला नसता. आणि औषधं, दूध, विम्याचा हप्ता यांना कात्री लावू नका, तो खर्च पुढे दुप्पट होऊन परत येतो.

कुणी महिना ३ टक्के देतो म्हणाला तर हा टप्पा सगळ्यात धोक्याचा असतो. तूट दिसत असते, मन घायकुतीला आलेलं असतं. वर्षाला ३६ टक्के कुठलाच सरळ धंदा ठेवीदाराला देत नाही. फसवणूक फोनवरून झाली असेल तर पहिल्या तासात १९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनवर कळवा.

बायकोला हे व्यवहार कळत नाहीत. मीच बघतो. चालेल ना?

नाही. आणि त्यांना कळत नाहीत हेही खरं नसतं. घरखर्चाची वही बहुतेक त्यांनीच लिहिलेली असते. प्रत्येक खातं ‘दोघांपैकी कोणीही’ अशा पद्धतीचं करा. जिथे एकच नाव आहे तिथे वारसनोंद तपासा. बँक खात्याला नोव्हेंबर २०२५ पासून चार जणांपर्यंत नामनिर्देशन करता येतं. पण नामनिर्देशित व्यक्ती पैसे ताब्यात घेते, मालकी कुणाची ते मृत्युपत्र किंवा वारसा कायदा ठरवतो. मृत्युपत्राला स्टँप पेपर लागत नाही. दोन साक्षीदार लागतात, आणि ज्यांना काही मिळणार आहे त्यांची साक्ष घेऊ नका.

एका फुलस्केप कागदावर खाती, मुदत संपायच्या तारखा, पॉलिसी क्रमांक, लॉकर आणि पेन्शनचा पीपीओ (पेन्शन मंजुरीच्या आदेशाचा) क्रमांक लिहा. पासवर्ड त्यावर नको. पुढच्या तिमाहीचं व्याज काढायला त्यांना एकट्यांना पोस्टात जाऊ द्या.

हा हिशेब पुन्हा कधी करायचा?

गड्ड्याची जत्रा उरकली की, म्हणजे जानेवारीच्या अखेरीस. वर्षभराच्या वहीची बेरीज हातात असते, जानेवारीचं व्याज जमा झालेलं असतं आणि एप्रिलच्या स्वघोषणापत्राला वेळ असतो. नवा भागाकार करा आणि उत्तराची गेल्या वर्षीच्या उत्तराशी तुलना करा. वर्षभरात एक वर्ष कमी झालं तर सगळं ठीक चाललंय. दोन किंवा जास्त कमी झाली तर कोणत्या ओळीतला खर्च वाढला ते वहीत शोधा, आणि त्यावर त्याच आठवड्यात दोघांनी बसून बोला.